सागवान करपत होतं तो उन्हाळा

चैत्र सरत आला की आमच्या शेडपुढच्या रस्त्यावरून टेम्पो धावायला लागतात. एकात कपाट उभं, दुसऱ्यात दिवाण आडवा, आणि त्यावर दोर धरून बसलेला एखादा माणूस. लग्नसराई आल्याचं मला पत्रिकांवरून कळत नाही, या टेम्पोंवरून कळतं. चिकलठाणा मागं टाकून शेंद्र्याकडं निघालं की फर्निचरवाल्यांच्या पत्र्याच्या शेड लागतात, त्यातलीच एक आमची. या दिवसांत सगळीकडच्या मशिनी एकदम चालू असतात आणि दुपारच्या झळांबरोबर लाकडाचे वास येतात. ओल्या बाभळीचा आंबूस, सागाचा जुन्या चामड्यासारखा, प्लायवूडचा डिंकाचा. हे सगळे वास मला आवडतात.

परवा कंपनीतून परत येताना त्यांच्यातच एक वेगळा वास आला. करपलेल्या सागाचा. शेजारच्या शेडमधून येत होता. त्या माणसाशी माझी ओळख म्हणजे जातायेता मान हलवण्याएवढीच. तरी मी सरळ आत गेले आणि म्हणाले, "मशीन बंद करा."

त्यानं घाबरून बटण दाबलं. "काय झालं वैनी?"

"पातं कधी बदललंय?"

"दिवाळीत." तो ओशाळला. "बोथटलंय. उद्या बदलतो."

"उद्या नको. आज बदला."

एवढं बोलून मी बाहेर आले. बाहेर आल्यावर लक्षात आलं की माझा हात पोटावर आहे, डाव्या बरगडीखाली घट्ट दाबलेला. मला तिथं कधीच काही लागलेलं नाही.

*

माझे यजमान भानुदास. सगळा भाग त्यांना मिस्त्री म्हणतो. समोर मी 'अहो' म्हणते, पण त्यांच्याबद्दल बोलताना माझ्याही तोंडात मिस्त्रीच येतं. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. गाड्यांचे लोखंडी शाफ्ट माझ्या टेबलावर येतात. त्यांना डायल गेज लावायचं, हळूहळू फिरवायचं आणि काटा बघायचा. दोन शतांश मिलीमीटरपेक्षा जास्त हलला की शाफ्ट लाल खोक्यात. इतकी वर्षं हेच काम केल्यावर माणसाला एक खोड लागते. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तरी चैन पडत नाही.

मिस्त्री हसायचे. "लोखंडाला तुझा काटा लागतो मंगल. लाकडाला हात लागतो."

ते खरंही होतं. फळीवरून तळवा फिरवून ते सांगायचे, ही पावसाळ्यात वाकणार, ही नाही. तीस वर्षांच्या कामात त्यांना ओरखड्यापलीकडं काही झालं नव्हतं. दहाही बोटं शाबूत असलेला सुतार, असं लोक कौतुकानं म्हणायचे. आम्हालाही त्या कौतुकाची सवय झाली होती.

काही वर्षांपूर्वी होळीनंतर आम्ही जागा बदलली. शहागंजच्या मागच्या गल्लीतली अंधारी जागा सोडून इथं, मोकळ्यावर आलो. टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेली आमची कापायची मशीन, टेम्पोतून उतरवताना एका बाजूचा हात निसटला आणि मशिनीचा एक कोपरा फरशीवर आदळला. आवाज मोठा नव्हता. आमच्याकडं काम करणारे बाबूराव साठीचे. ते खाली वाकून बघत राहिले. "लागलं का हिला कुठं?" गाईबद्दल विचारावं तसं त्यांनी विचारलं. मिस्त्रींनी टेबलावर तळवा फिरवला, पट्टा ताणून बघितला, मशीन चालू केली. ती चालली. त्यावर सगळ्यांनी चहा घेतला.

तो कोपरा आदळला तेव्हाच आत काहीतरी सरकलं होतं. टेबल आणि पातं यांचं जे नातं असतं ते मोडलं होतं. पण मशीन बोलत नाही. ती चालत राहते, आणि चालते आहे म्हणून आपण तिला बरी समजतो.

*

त्या उन्हाळ्यात आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. कपडे साठवून ठेवायचे आणि पाण्याच्या दिवशी एकदम धुवायचे. मिस्त्रींचे सात शर्ट एकानंतर एक हातात यायचे. पहिल्यांदा वास आला तेव्हा वाटलं, यांनी बिडी सुरू केली की काय. विचारलं तर म्हणाले, "येडी का काय. जुना साग हाय, तेलकट असतो. कापताना धूर निघतो जरा."

पुढच्या आठवड्यात वास वाढला. त्याच्या पुढच्या आठवड्यात बादलीतलं पाणी ओतून दिल्यावरही तो माझ्या हातांना येत होता.

एकदा सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन शेडवर गेले. मशीन चालू होती. पूर्वी तिचा आवाज एका पट्टीत असायचा. लांबून भुंगा यावा तसा. आता फळी निम्मी आत गेली की आवाज दबायचा, कण्हल्यासारखा व्हायचा, आणि फळी बाहेर पडली की एकदम चढायचा. कापलेल्या कडेवर काळपट तपकिरी रेघ उठलेली. बाबूराव पॉलिश पेपर घेऊन ती रेघ घासत बसले होते. दिवसभर तेवढंच काम त्यांना पुरत होतं.

मला आणखी एक दिसलं, त्याचा अर्थ मात्र नंतर कळला. मिस्त्री पूर्वी मशिनीपाशी उभे राहायचे ते थोडे बाजूला, डाव्या अंगाला. त्या दिवशी ते बरोबर फळीच्या मागं उभे होते, पोटाचा रेटा देऊन. लाकूड पुढं सरकत नव्हतं म्हणून अंगाचं वजन लावावं लागत होतं. माणूस रोज थोडाथोडा धोक्याच्या रेषेत सरकत जातो. त्याला वाटतं आपण कामात सरकतोय.

"अहो, मशिनीला काहीतरी झालंय."

"धार गेलीय फक्त. तू उद्या शहागंजला चाललीयस ना, रशीदचाचांकडं ब्लेड टाक."

*

रशीदचाचा शहागंजात पात्यांना धार लावायचे. ओटाभर दुकान. खिळ्यांना टांगलेली गोल पाती, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि त्यांच्यामध्ये पांढरी दाढी असलेले चाचा. त्यांनी कागदातून आमचं पातं काढलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि ते उजेडाकडं धरलं. मग मला जवळ बोलावलं.

"ये देखो बेटी. इस तरफ नीला पड गया. दुसरी तरफ देखो, साफ है."

खरंच, पात्याची एकच बाजू निळी-जांभळी झाली होती, तव्यावर तेल जळल्यासारखी.

"धार जाती तो दोनों तरफ बराबर जलता था. ये एक बाजू घिस रा. ब्लेड का कसूर नहीं, मशीन टेढी है."

मी म्हणाले, "मग नवीन द्या एखादं."

चाचांनी मान हलवली. "नक्को. नया देऊंगा तो वो भी जलेगा. पयले मशीन सीधी करवाओ." मग त्यांनी बोटानं दात मोजले. "और ये तो ऐंशी दात का है, प्लाय का. इससे सागवान की लंबी फळी चीरते क्या मिस्त्री? लकडी का भुस्सा निकलने को जगा नहीं. चोवीस दात का लगता उसको. बोलना उनको, रशीद ने बोला."

विकायला बसलेला माणूस विकायला नाही म्हणतो, तेव्हा ऐकावं. मला ते तिथंच कळलं होतं. पातं छातीशी धरून मी रिक्षात बसले तेव्हा माझ्या मनात काळजी होती, हे खरं. पण काळजीच्या शेजारी दुसरंही काही होतं. मी म्हणत होते तेच निघालं, याचा आनंद. तो आनंद छोटा होता, पण होता.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. "चाचा खोटं नाय बोलायचे," म्हणाले. "पण मशीन उघडली की दोन दिवस गेले. शनिवारपर्यंत दिवाण द्यायचाय. आपल्या वैशालीचं लग्न हाय, दुसऱ्या कुणाचं असतं तर थांबलो असतो."

वैशाली त्यांची भाची, थोरल्या बहिणीची मुलगी. मामानं स्वतःच्या हातानं केलेला सागाचा दिवाण तिला द्यायचा, हे ती शाळेत होती तेव्हापासून ठरलेलं.

"मग निदान चोवीस दातांचं पातं तरी लावा."

"शनिवारी संध्याकाळी सगळं करू. तू तुझा काटा घिऊन ये. तुझ्या हातानं मोज, मग तर झालं?"

ते हसत म्हणाले, पण मी ते खरं मानलं. कारखान्यात साहेबांकडं दोन दिवसांसाठी डायल गेज मागितलं. सही घेऊन त्यांनी दिलं.

*

शनिवारी पहिली पाळी संपवून मी शेडवर आले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. पत्रा तापून तडतडत होता. दिवाणाचा सांगाडा तयार होऊन भिंतीला टेकलेला. बाबूराव त्याच्या पायांना पॉलिश पेपर मारत होते. शेवटची एक फळी उरली होती.

"एवढी झाली की मशीन तुझी," मिस्त्री म्हणाले.

मी मशिनीच्या पलीकडच्या बाजूला, बरोबर समोर उभी होते. हातात गेजची डबी.

"बाजूला हो. उजेड अडवतीस."

मी बाजूला झाले. फळी आत गेली. आवाज दबला, कण्हला. धुराची एक बारीक रेघ वर आली. मग आवाज एकदम तुटला आणि काहीतरी धाडकन झालं. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा फळी मशिनीवर नव्हती. ती मिस्त्रींच्या मागं भिंतीपाशी पडली होती आणि मिस्त्री जमिनीवर बसले होते, पोट धरून.

बाबूरावांनी पळत जाऊन बटण बंद केलं. आम्ही दोघांनी त्यांचा शर्ट वर केला. डाव्या बरगडीखाली तळव्याएवढा लाल वळ. रक्त नाही, कातडं फाटलेलं नाही. मी त्यांची बोटं मोजली, हे मला आठवतं. दहा होती.

"काय नाय झालं," मिस्त्री म्हणाले. श्वास परत आल्यावर हसलेसुद्धा. "मशीन चिडली माझ्यावर." पाणी प्यायले. बाबूरावांनी त्यांना लाकडाच्या ढिगाला टेकवून बसवलं आणि ते लांबच्या टपरीवर चहा आणायला गेले.

आता पुढचं लिहिते. हे मी फार कुणाला सांगितलेलं नाही.

मी मशीन मोजायला बसले.

मशिनीची वायर काढली. पात्याच्या एका दातावर खडूनं खूण केली. टेबलाच्या लांब खाचेत गेज बसवलं, खुणेचा दात पुढं आणून त्याला गेजचं टोक टेकवलं आणि काटा शून्यावर आणला. मग पातं हातानं फिरवून तोच दात मागं नेला, गेजही खाचेतून मागं सरकवलं. पातं खाचेला समांतर असेल तर काटा शून्यावरच राहायला हवा. तो भरभर फिरला आणि पंच्याऐंशीवर थांबला. पंच्याऐंशी शतांश. पात्याची मागची बाजू गाईडकडं, म्हणजे फळी ज्या आधाराला धरून सरकते त्या पट्टीकडं, जवळजवळ एक मिलीमीटर झुकली होती. पुढून फळी आत शिरायची आणि मागं पातं आणि गाईडमध्ये आवळली जायची. मागचे दात खालून वर येतात. आवळलेल्या फळीला ते उचलणार आणि समोरच्या माणसावर फेकणार. इतके दिवस त्या दातांनी फळीला फक्त घासून सोडलं होतं.

माझा विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं. मग दुसरा दात घेऊन मोजलं. मग गाईड मोजलं. पात्याच्या लगेच मागं फळीचा काप उघडा ठेवणारी एक पोलादी पट्टी असते, ती जागेवर नव्हती. ती शोधली. शेड बदलताना काढलेली, कोपऱ्यात भुश्शाखाली सापडली. कंपनीत करते तसं सगळं वहीत लिहीत गेले. पुढं इतकं, मागं इतकं.

मध्ये एकदा मिस्त्री म्हणाले, "खांदा दुखतोय गं. डावा."

मी मान वर न करता म्हणाले, "ढकलून ढकलून दुखणारच."

शेवटी मी वही घेऊन उठले. "हे बघा," म्हणाले. माझ्या आवाजात काय होतं ते मला अजून ऐकू येतं. "बघा म्हणते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. कपाळावर, गळ्यावर घाम, आणि हात लावला तर अंग गार. बाहेर चाळीस अंशांचं ऊन होतं आणि माझ्या नवऱ्याचं अंग गार होतं.

*

चहा घेऊन आलेल्या बाबूरावांनी ग्लास तिथंच ठेवले आणि रस्त्यावर उभं राहून एक टेम्पो थांबवला. त्यात एक ड्रेसिंग टेबल होतं, कुणाच्या तरी लग्नाचं. ते तसंच ठेवून आम्ही त्याच्या शेजारी मिस्त्रींना आडवं केलं. जालना रोडभर आरशात आकाश हलत होतं आणि माझा चेहरा येतजात होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि मला बाहेर बोलावलं. "प्लीहा, म्हणजे स्प्लीन, फाटली आहे. पोटात रक्त साचतंय. खांद्यात दुखतंय म्हणाले होते का?"

"हो."

"ती खूण असते. आतल्या रक्तामुळं खांदा दुखतो." मग त्यांनी घड्याळ बघितलं. "किती वाजता लागलं?"

"पावणेचार."

"आता पाच वाजून गेलेत. मध्ये काय केलंत?"

मी म्हणाले, "टेम्पो मिळेना."

टेम्पो पाच मिनिटांत मिळाला होता. बाबूराव माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, जमिनीकडं बघितलं. त्यांनी तो प्रश्न मला पुढंही कधी केला नाही.

ऑपरेशन लगेच झालं. प्लीहा काढली. मिस्त्री वाचले. मध्ये दोन दिवस असे गेले की परिचारिका जवळून गेली तरी मी उभी राहायचे. आता त्यांना साधा ताप आला तरी अंगावर काढायचा नाही, लगेच दवाखाना गाठायचा, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलंय. प्लीहा नसलेल्या माणसाला ताप साधा नसतो. त्यामुळं आमच्या घरात थर्मामीटर देवघरापाशी असतो. पावसाळ्यात शेजारी कुणी खोकलं तरी माझं लक्ष तिकडं जातं. मिस्त्री बरे झाले असं लोक म्हणतात. मीही 'हो' म्हणते.

वैशालीचा दिवाण बाबूरावांनी पूर्ण केला. शेवटची फळी त्यांनी हातकरवतीनं कापली.

*

मिस्त्री घरी आल्यावर पंधरा दिवसांनी मी आणि बाबूरावांनी मशीन सरळ केली. टेबल आणि खालचा सांगाडा चार बोल्टांनी जोडलेले असतात. तीन सैल करायचे, एक अर्धवट घट्ट ठेवायचा, आणि लाकडी हातोडीनं टेबलाला हलकं टकटक करत सरकवायचं. एक टकटक, मग मोजणं. पंच्याऐंशीचे साठ झाले, साठाचे पस्तीस. पाचावर आणून बोल्ट आवळले की आवळतानाच ते पुन्हा वीसवर जायचं. बाबूराव घामानं भिजले होते.

"वैनी, लाकडाला एवढं लागत नाय."

"आवळा परत."

दिवस कलला तेव्हा काटा तीनवर थांबला. मग गाईड खाचेला समांतर केलं, कोपऱ्यातली पट्टी पुन्हा बसवली. दुसऱ्या दिवशी पातं आणायला मीच गेले. रशीदचाचांना सगळं कळलं होतं. त्यांनी तीन पाती समोर ठेवली आणि म्हणाले, "तुम चुनो."

मी चोवीस दातांचं उचललं. त्यावर लिहिलेला वेग आमच्या मोटरच्या वेगापेक्षा जास्त आहे ना, ते बघितलं. दातांची रुंदी त्या पट्टीच्या जाडीपेक्षा जास्त हवी, नाहीतर लाकूड पट्टीवर अडकतं. ती मोजली. मधलं भोक आमच्या शाफ्टला बरोबर बसेल ना, ते बघितलं. प्रत्येक दात उजेडात बघितला. चाचा हातावर हनुवटी टेकून बसले होते. "मिस्त्री से अच्छा देखते तुम," शेवटी म्हणाले. त्या शब्दांनी मला बरं वाटायला हवं होतं.

तेव्हापासून दर चैत्रात, कामाची गर्दी सुरू व्हायच्या आधी मीच मशीन मोजते. आता स्वतःचं गेज घेतलंय. मिस्त्री पुन्हा काम करतात, पण निम्मं. जड लाकूड बाबूराव उचलतात. मशिनीचा आवाज पुन्हा एका पट्टीत आहे. तो एका पट्टीत आहे याची मला भीती वाटते, कारण मी तो सारखी ऐकत असते. कंपनीत, स्वयंपाकघरात, जिथं तो असूच शकत नाही तिथंही.

त्या अर्ध्या तासाबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नव्हतो. परवा, शेजाऱ्याची मशीन बंद करायला लावून मी शेडवर आले तेव्हा मिस्त्री एकटेच होते, एका कपाटाच्या दाराला कडा लावत. बाबूराव लग्नाला गावी गेले होते. मी स्टुलावर बसले आणि बोलून टाकलं.

"त्या दिवशी मी तुमच्याकडं बघायला पाहिजे होतं. मी मशिनीकडं बघत बसले. मी म्हणत होते ते खरं निघालं, ते तुम्हाला दाखवायचं होतं."

ते कड दाबून धरत राहिले. डिंक बसेपर्यंत हात सोडता येत नाही.

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "मी तुझ्याकडंच बघत होतो."

"मग बोलला का नाही? एवढं दुखत होतं तर."

"लई भ्यालो होतो मंगल. आत काहीतरी वंगाळ झालंय, आसं वाटत होतं. पण तू तिकडं बसून निवांत मोजत होतीस, वहीत लिहीत होतीस. म्हटलं, मला खरंच काही झालं असतं तर ही मशिनीपाशी कशाला गेली असती? तुझं तोंड बघून मला धीर येत होता."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मिस्त्रींनी दारावरचा एक हात उचलून मला खुणावलं, आणि मी उठून त्यांच्या हाताची जागा माझ्या हातानं दाबून धरली.